बत्तीस क्विंटल सोयाबीन आणि कलम ३७९

दिवाळीच्या तोंडावर आमच्या लोहा भागात सोयाबीनची रास घरात येते आणि नेमका तेव्हाच भाव पडलेला असतो. हे दरवर्षीचे. ज्याला दम धरता येतो तो माल ठेवतो, ज्याला देणेकरी दम धरू देत नाही तो विकून मोकळा होतो. २०११ च्या हंगामात नांदेड-लातूर रस्त्यालगतच्या एका गावातल्या विधवा बाईने दम धरायचे ठरवले. घर पत्र्याचे, उंदीर आणि ओल दोन्हींची भीती. म्हणून तिने आपले बत्तीस क्विंटल सोयाबीन, पन्नासेक कट्टे, ओळखीच्या आडत्याच्या गोदामात नेऊन ठेवले. आडत्याने वहीतला कागद फाडून चिठ्ठी दिली. तिचे नाव, वजन, तारीख आणि शेवटी एक शब्द : 'जमा'. चैत्रात भाव वधारला तेव्हा ती गेली, तर गोदाम मोकळे. माल कधीच लातूरच्या बाजारात गेला होता आणि पैसा आडत्याच्या दुसऱ्या देण्यांत जिरला होता.

बाई पोलीस ठाण्यात गेली. ठाणे अंमलदाराने तिचे ऐकून घेतले आणि फिर्याद लिहिली : सदर इसमाने फिर्यादीच्या मालकीचे ३२ क्विंटल सोयाबीन फिर्यादीच्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेले. कलम लावले ३७९. चार वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा आरोपीचा वकील मी होतो.

उलटतपासणीला मला दहा मिनिटे पुरली. माल गोदामात कोणी नेला? 'म्याच नेला, भाच्याच्या टेम्पोत घालून.' आडत्याने काही जबरदस्ती केली होती? 'नाही.' किल्ली कोणाजवळ असायची? 'त्यायच्याजवळच.' म्हणजे माल तुम्ही आपण होऊन त्यांच्या ताब्यात दिला? 'हो की, इश्वासानं दिला.' मी खाली बसलो. चोरीच्या गुन्ह्याला जे लागते ते या चार उत्तरांत निघून गेले होते, आणि सरकारी पक्षाच्या ते ध्यानातही आले नव्हते. चिठ्ठी कागदपत्रांत नव्हतीच. चोरीचा गुन्हा म्हटल्यावर पंचनामा झाला होता तो जागेचा : गोदामाच्या दाराची रुंदी इतकी, कुलूप सुस्थितीत, भिंतीला खिंडार नाही. आडत्या निर्दोष सुटला.

कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली ती मला भेटली. रागावलेली नव्हती, चक्रावलेली होती. म्हणाली, 'वकीलसाब, माझं सोयाबीन चोरलं असं कोण म्हन्लं? म्या तर सोताच्या हातानं नेऊन घातलं होतं. चोर आला असता तर कुत्रं तरी भुकलं असतं.' मी दोन तास जो युक्तिवाद तयार केला होता तो तिने तीन वाक्यांत सांगितला होता. फरक एवढाच की तिला कोणी विचारले नव्हते.

त्यानंतर मी या विषयाचा नाद घेतला. आर्थिक स्वरूपाचा गुन्हा चोरी म्हणून नोंदला गेला की नेमके काय बिघडते, आणि हे इतक्या सहज का होते, याचा शोध घेताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

भारतीय दंड संहितेतली चोरीची व्याख्या पाच-सहा तुकड्यांची आहे, पण तिचा प्राण एकाच शब्दात आहे : ताबा. मालकी नव्हे. दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, जंगम वस्तू लबाडीने हलवली तर चोरी. वस्तू ज्याच्या ताब्यात आधीच दिलेली आहे तो ती विकून खातो तेव्हा दुसऱ्याच्या ताब्यातून काही हलतच नाही. गुन्हा होतो, पण तो वेगळा. त्याला संहितेच्या मराठी भाषांतरात 'फौजदारीपात्र न्यासभंग' असे जड नाव आहे. कलम ४०५ मध्ये त्याची व्याख्या आणि पुढे माणसाच्या हुद्द्याप्रमाणे चढती शिक्षा. सामान्य माणसाने केला तर तीन वर्षांपर्यंत. वाहतूकदाराने किंवा गोदामवाल्याने केला तर कलम ४०७ खाली सात वर्षांपर्यंत. लोकसेवक, बँकर, व्यापारी, आडत्या, दलाल, मुखत्यार अशांनी आपल्या धंद्याच्या ओघात केला तर कलम ४०९ : दहा वर्षांपर्यंत, किंवा जन्मठेपसुद्धा. साध्या चोरीला कलम ३७९ खाली जास्तीत जास्त तीन वर्षे. आमच्या अंमलदाराने गोदामातली चोरी म्हणून ३८० तरी लावायचे होते, त्यात सात वर्षे आहेत. तेही सुचले नाही; अर्थात लावले असते तरी तेही चोरीचेच कलम, उत्तर तेच आले असते.

गंमत म्हणजे हा घोळ होणार हे मेकॉलेच्या आयोगाला ठाऊक होते. १८३७ साली तयार झालेला त्यांचा मसुदा १८६० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यात अनेक कलमांखाली गोष्टीसारखी उदाहरणे आहेत. चोरीच्या कलमाखाली दोन उदाहरणे एकाला लागून एक दिली आहेत. पहिल्यात धनी आपल्या घरातली चांदीची भांडी नोकराला सांभाळायला देतो आणि नोकर ती घेऊन पळतो. ही चोरी, कारण नोकराच्या हातात असली तरी भांडी धन्याच्याच ताब्यात धरली जातात. दुसऱ्यात माणूस प्रवासाला जाताना तीच भांडी एका गोदामवाल्याकडे ठेवून जातो आणि गोदामवाला ती सोनाराला विकतो. इथे भांडी मालकाच्या ताब्यात नव्हती, म्हणून ही चोरी नव्हे, न्यासभंग असू शकेल, असे कलमच सांगते. चांदीच्या जागी सोयाबीन ठेवा. आमच्या बाईचा खटला कायद्याच्या पुस्तकात दीडशे वर्षे छापलेला होता. ठाण्यात ते पुस्तक होते, माझ्या टेबलावरही होते. मी ते उघडले, अंमलदाराने उघडले नाही.

मराठवाड्याला ही संहिता उशिरा लागू झाली. निजामाच्या राज्यात स्वतंत्र हैदराबाद दंडसंहिता चाले. पोलीस कारवाईनंतर, १ एप्रिल १९५१ पासून, भारतीय दंड संहिता आमच्याकडे आली. जुन्या उर्दू कायदेभाषेत या गुन्ह्यांची नावे तीन वेगवेगळ्या मुळांची होती : चोरी म्हणजे 'सरका', विश्वासाने दिलेले खाणे म्हणजे 'खयानत', आणि फसवणे म्हणजे 'दगा'. इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'अमानतीत खयानत' ही जोडी अजून आहे. उर्दू न येणारा, शाळेत न गेलेला माणूसही ती बिनचूक वापरतो. अमानत म्हटले की ठेवणाऱ्याचा विश्वास त्या शब्दातच येतो. मराठीकरणात 'सरका' जाऊन 'चोरी' आली ते बरे झाले. 'खयानत' जाऊन 'फौजदारीपात्र न्यासभंग' आला तो मात्र कोणाच्या जिभेवर बसला नाही. जो शब्द जिभेवर बसत नाही तो फिर्यादीतही उतरत नाही. माझा असा अंदाज आहे की आमच्या भागात गुन्ह्याचे नाव चुकण्यात या हरवलेल्या शब्दाचा थोडा तरी हात आहे. पुरावा मागाल तर माझ्याजवळ नाही. तीस वर्षे फिर्यादी वाचल्याचा अनुभव तेवढा आहे.

हा भेद इंग्रजांनी आणला असे मात्र नव्हे. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत कर्जापाठोपाठ दुसरेच पद 'निक्षेप' म्हणजे ठेवीचे आहे. चोरीचे पद त्याहून वेगळे, बरेच पुढे. ठेव परत न करणारा आणि न ठेवलेली ठेव मागणारा, दोघांनाही चोरासारखी शिक्षा करावी असे तिथे म्हटले आहे. 'चोरासारखी' हा शब्द पाहण्यासारखा आहे. तो चोर नव्हे हे स्मृतिकाराला कळत होते. शिक्षा तेवढी चोराची द्यायची होती. याज्ञवल्क्य स्मृतीत मोहोरबंद ठेवीला 'उपनिधी' असे आणखी वेगळे नाव आहे. त्या स्मृतीवरची मिताक्षरा टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत राहत होता. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या शिवेपलीकडेच. तेव्हा हा विचार आपल्याला परका नाही, आपल्या अंगणातला आहे. कौटिल्याने तर सरकारी अधिकाऱ्यांनी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले. त्या चाळिसांत भिंत फोडून आत शिरणारा कोणी नाही. सगळे हिशेबाच्या वहीतले.

उलट इंग्लंडला हे शिकायला तीनशे वर्षे लागली. १४७३ साली एका वाहतूकदाराकडे गठ्ठे साउदॅम्प्टनला पोचवायला दिले होते. त्याने वाटेत ते फोडून माल खाल्ला. न्यायाधीशांपुढे आमच्याच बाईचा प्रश्न उभा राहिला : माल त्याच्याच ताब्यात दिलेला, मग चोरी कशी? त्यांनी पळवाट काढली. गठ्ठे सोपवले होते, आतला माल नव्हे. गठ्ठा फोडला त्या क्षणी ताबा मालकाकडे परत गेला आणि चोरी झाली. म्हणजे न फोडता गठ्ठा जसाच्या तसा विकला असता तर तो सुटला असता! १७७९ मध्ये एकाने दिवसभरासाठी घोडा भाड्याने घेतला आणि त्याच दिवशी बाजारात विकून टाकला. तिथेही न्यायालयाने ओढून-ताणून चोरी ठरवली. माळेगावच्या जत्रेत घोड्यांचा बाजार पाहताना मला हा खटला हमखास आठवतो. शेवटी १७९९ साली बेझली नावाच्या बँकेतल्या कारकुनाने ग्राहकाने भरलेली शंभर पौंडांची नोट खिशात घातली. ती बँकेच्या ताब्यात कधी आलीच नव्हती म्हणून चोरी झाली नाही, आणि तो सुटला. त्याच वर्षी पार्लमेंटने अपहाराचा वेगळा कायदा केला. चोरीची व्याख्या ताणून ताणून जेव्हा फाटली तेव्हाच त्यांना दुसरा शब्द सुचला. मेकॉलेच्या हाती हा सगळा फाटका वारसा होता, म्हणून त्याने पहिल्यापासून वेगळे खण केले.

मग खण वेगळे असूनही ठाण्यात सगळे एकाच खणात का पडते?

पहिले कारण फिर्यादीच. नुकसान झालेला माणूस 'त्यानं माझे पैसे चोरले' असेच म्हणतो. पतसंस्था बुडाली, मल्टिस्टेटने दारे लावली, तरी बायाबापड्यांच्या तोंडी शब्द 'चोर' हाच. बोलण्यात त्याला काही हरकत नाही. पण अंमलदार बोलणे जसेच्या तसे उतरवतो आणि कलम त्या बोलण्याला लावतो, घडलेल्या गोष्टीला नाही. दुसरे कारण सवयीचे. ठाण्याचे सगळे यंत्र चोरीसाठी घडवलेले आहे : घटनास्थळ, वेळ, मुद्देमाल, पंच. विश्वासघाताला घटनास्थळ नसते. आडत्याने मनात ठरवले ती जागा कोणती, आणि वेळ किती वाजताची? त्याला लागतात वह्या, पावत्या, बँकेचे उतारे, आणि ते वाचायला बसणारा माणूस. तिसरे कारण जरा नाजूक आहे. न्यासभंग म्हटले की पोलीस 'ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' म्हणून हात झटकतात. चोरी म्हटले की नोंदवून तरी घेतात. त्यामुळे कधी कधी शहाणा वकीलच फिर्यादीला सांगतो, 'चोरी म्हणून सांगा.' दार उघडण्यापुरते हे चालते. पुढे त्याच दारात अडकायला होते.

इथे पोलिसांच्या बाजूनेही एक सांगितले पाहिजे. त्यांची ती दिवाणी बाबीची शंका सगळी खोटी नसते. बाईने माल उधारीवर विकला असता आणि आडत्याने पैसे बुडवले असते, तर तो न्यासभंग नव्हता; विक्री झाली की माल त्याचा आणि राहते ते फक्त देणे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. तिथे तक्रार होती घोड्यांचा खुराक पुरवणाऱ्याची, बिल थकल्याची. न्यायालय म्हणाले की विकलेल्या मालात सोपवणूक नसते. शिवाय फसवणूक आणि न्यासभंग एकाच घटनेवर एकत्र उभे राहू शकत नाहीत, कारण फसवणुकीत लबाडी पहिल्या दिवसापासून असते आणि न्यासभंगात ती नंतर येते. इतकी वर्षे होऊनही पोलिसांना आणि खालच्या न्यायालयांना हा भेद उमगू नये, याबद्दल त्या निकालात खंत आहे. म्हणून 'जमा' या शब्दाला मोल. चिठ्ठीवर 'खरेदी' असते तर माझा अशील दोन्हीकडून सुटला असता. 'जमा' होते, म्हणून तो कलम ४०९ च्या तोंडी होता.

नाव चुकल्याचा परिणाम केवळ शिक्षेच्या वर्षांत मोजून भागत नाही. रक्कम मोठी असली की न्यासभंगाचा गुन्हा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकतो. चोरी तालुक्याच्या हवालदाराकडेच राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात न्यासभंग, फसवणूक, बनावटीकरण हे आर्थिक गुन्ह्यांच्या प्रकरणात मोजले जातात आणि चोरी मालमत्तेच्या गुन्ह्यांत. म्हणजे आमच्या बाईचे सोयाबीन सरकारी आकड्यांत सायकलचोरीच्या रांगेत जाऊन बसले. असे किती जण तिथे बसले असतील, हे त्या आकड्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही. आणि महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ साली जो कायदा केला, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याच्या दारातही ती पोचली नाही. या कायद्याचे बळ तुरुंगात नाही, जप्तीत आहे. बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटायची सोय त्यात आहे. पुष्कळांना ठाऊक नसते की त्यातल्या 'ठेव' शब्दाच्या व्याख्येत पैशांबरोबर मौल्यवान मालही आहे, आणि परतफेड वस्तुरूपातही चालते. २०१३ साली मुंबईत नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे सुमारे ५,६०० कोटींचे देणे थकले, गोदामांत असायला हवा होता तो माल निघेना. ते प्रकरण या कायद्यात बसते असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ठरवले. एका तालुक्याचा आडत्या 'वित्तीय आस्थापना' ठरला असता की नाही, यावर वाद झाला असता. पण वाद तरी झाला असता.

सर्वांत वाईट परिणाम तो, ज्याचा फायदा मी घेतला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२१ मध्ये सोय आहे : घडलेल्या गोष्टीवरून नेमका कोणता गुन्हा होतो याची शंका असेल तर सगळे आरोप एकदम किंवा आलटून-पालटून ठेवता येतात, आणि एक ठेवून दुसरा सिद्ध झाला तर त्या दुसऱ्याबद्दल शिक्षा देता येते. त्याखालचे उदाहरणही चोरी, न्यासभंग आणि फसवणूक यांचेच आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की माणसे इथेच चुकणार. पण शिक्षा द्यायची तर दुसरा गुन्हा पुराव्यात दिसायला हवा, आणि चोरीच्या तपासात सोपवणुकीचा पुरावा कोणी गोळाच केला नव्हता. बाईचे 'इश्वासानं दिला' एवढे वाक्य होते. चिठ्ठी नाही, आडत्याची वही नाही, हमालाची साक्ष नाही. पुढे कलम ३०० आडवे आले. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच घटनेवरून, कलम २२१ प्रमाणे जो आरोप तेव्हाच ठेवता आला असता, तो ठेवून पुन्हा खटला चालवता येत नाही. चुकीच्या नावाने खरे नावही कायमचे मिटवले. सरकारने अपील केले नाही. दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत खटला चालू असतानाच उलटून गेली होती, कारण फौजदारीत न्याय मिळणारच या भरवशावर ती होती.

आता याची उलटी बाजू. लोह्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि गोदावरीत वाळू आहे. वाळूचे गुन्हेही चोरी म्हणूनच नोंदले जातात, आणि तिथे ते कायद्याने बरोबर आहे. जमिनीला चिकटलेली वस्तू चोरता येत नाही, पण ती जमिनीपासून वेगळी केली की चोरता येते, असे चोरीच्या कलमाचेच स्पष्टीकरण आहे. खनिज कायद्याखाली खटला भरायचा तर अधिकृत अधिकाऱ्यानेच तक्रार करावी लागते. ती अडचण दाखवून आरोपी सुटू पाहत. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सरकार विरुद्ध संजय या निकालात सांगितले की खनिज कायदा असला तरी सरकारच्या ताब्यातली वाळू परवानगीवाचून नेणे ही दंड संहितेखालची चोरीही आहे आणि पोलीस तिचा स्वतंत्र तपास करू शकतात. निकाल चांगलाच. पण त्याचा तालुक्यातला अवतार काय? रात्री दोनला हायवा अडवला जातो, चालकाचे नाव फिर्यादीत येते, चार ब्रास वाळू मुद्देमाल म्हणून तहसीलच्या आवारात पडते. चालक रोजंदारीवरचा. लिलाव कोणाच्या नावावर, पावत्यांवर एकच क्रमांक किती फेऱ्यांना चालला, वाळू कोणत्या ठेकेदाराच्या बांधकामावर पोचली आणि कोणत्या बिलात बसली, हे चोरीच्या कलमाला विचारावे लागत नाही. चोरी हलवणाऱ्या हाताशी थांबते. इथे गुन्ह्याचे नाव चूक नाही, अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची ज्याला गरज आहे त्याला ते चांगलेच ठाऊक असते.

असेच एक प्रकरण आमच्या जिल्ह्याने पाहिले. जुलै २०१८ मध्ये नायगाव तालुक्यातल्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याजवळ, रेशनच्या सरकारी धान्याचे ट्रक पोलिसांनी पकडले आणि पुढे तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. दोषी कोण हा न्यायालयाचा प्रश्न, माझा नाही. मला त्या बातम्या वाचताना १४७३ चा वाहतूकदार आठवत होता. सरकारी गोदामातून निघालेले धान्य दुकानापर्यंत पोचवायला ज्याच्या हाती दिले, त्याने ते मधेच वळवले, असा आरोप असेल तर तो रस्त्यावरच्या चोरीचा आरोप नसतो. माल बाहेर पडतो तो रीतसर, वजनाची पावती आणि सही-शिक्क्यासह. अशा तपासात महत्त्वाचा असतो तो कागद, ज्यावर माल पोचल्याची नोंद आहे आणि माल पोचलेला नाही. अत्यावश्यक वस्तू कायदा, वाहतूकदाराच्या न्यासभंगाचे कलम, बनावट कागदपत्रांची कलमे, सगळी त्या कागदाभोवती उभी राहतात. पन्नास पोती तांदूळ चोरीस, अशी फिर्याद झाली असती तर तपास ट्रकच्या चाकांपाशीच संपला असता.

समाजशास्त्रात हा भेद पांढरपेशा गुन्हेगारी या नावाने आला. एडविन सदरलँडने डिसेंबर १९३९ मध्ये फिलाडेल्फियातल्या व्याख्यानात तो मांडला, तेव्हा त्याचा रोख हाच होता की प्रतिष्ठितांचे गुन्हे गुन्ह्यांच्या मोजदादीत येतच नाहीत. आपल्याकडे विधी आयोगाने १९६६ च्या २९ व्या अहवालात आर्थिक गुन्हे दंड संहितेत घ्यावेत का याचा विचार केला आणि ते वेगळ्या खास कायद्यांतच राहू द्यावेत असा कौल दिला. परिणाम असा झाला की ठाण्यातल्या अंमलदाराच्या हाताशी जे जाड पुस्तक असते त्यात आर्थिक गुन्हा हा शब्दच उरला नाही.

तो आता आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये आर्थिक गुन्ह्याची यादी आहे. तिच्यात न्यासभंग आहे, साधी चोरी नाही. चोरीचे कलम आता ३०३, न्यासभंगाचे ३१६. म्हणजे नाव चुकले तर आता जास्तच चुकणार. दुसरा बदल बारीक आहे आणि त्याची फारशी चर्चा मी ऐकली नाही. जुन्या संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू. नव्या व्याख्येतून 'मूर्त' हा शब्द गेला आहे. बँकेतली शिल्लक ही हाताला लागणारी वस्तू नव्हे, ते बँकेचे आपल्याला असलेले देणे. म्हणून ओटीपी विचारून खाते रिकामे केले तर बोलताना आपण ऑनलाइन चोरी म्हणत असलो तरी गुन्हा फसवणुकीचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचा. न्यासभंगाला ही अडचण कधीच नव्हती. १९६२ च्या दालमिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकेतल्या निधीलाही त्या कलमातली मालमत्ता मानले होते. आता 'मूर्त' गेल्यामुळे खात्यातले पैसेही चोरता येतात असा युक्तिवाद होईल. मला तो पटत नाही, कारण व्याख्येत वस्तू 'हलवणे' अजून तसेच आहे. पण अंमलदाराला तो नक्की पटेल. त्याचे काम सोपे होते आणि तपास ठाण्यातच राहतो. नव्या चोरीच्या कलमात आणखी एक तरतूद आहे : पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. भुकेल्या पोराने उचललेल्या वस्तूसाठी ती चांगलीच आहे. पण शंभर जणांचे चार-चार हजार खाणाऱ्याला शंभर चोऱ्यांत वाटून घेण्याची वाट तिच्यातून निघू नये.

मी अजून कोर्टात जातो. फिर्याद लिहून घ्यायला कोणी आले की आधी तीन गोष्टी विचारतो : किल्ली कोणाजवळ होती, कागद कोणी दिला, आणि कागदावर शब्द काय आहे. मग 'चोरून नेले' असे कुठेही न लिहिता 'सांभाळण्यासाठी सोपवले होते, ते परस्पर विकले' असे लिहितो. ठाण्यात कधी कधी ते खोडून पुन्हा चोरी लिहितात. तेव्हा मी लेखी अर्ज देतो आणि पोच घेतो.

त्या बाईचा भाचा मागच्या पावसाळ्यात फेरफाराच्या कामासाठी आला होता. मी त्याला चिठ्ठीचे विचारले. म्हणाला, मावशीने ती देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली होती, खटल्यानंतरही. मावशी गेल्यावर घर आवरताना सापडली. ओल लागून शाई पसरली होती. वजन वाचता येत नव्हते, 'जमा' तेवढे येत होते. पुढे तिचे काय झाले, ते त्याला आठवत नव्हते.